प्लांटेड टँकमधील काळे शेवाळ, बोअरचे जड पाणी आणि उन्हाळ्यातील वीज: दुखणे नेमके कुठे आहे?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. माझ्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक) असून माती, दगड आणि लाकूड वजा जाता त्यात प्रत्यक्ष १६० लिटरच्या आसपास पाणी राहते. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला, मध्यभागी क्रिप्टोकोरायन, तर लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न बांधलेले आहेत. मासे मोजकेच आहेत: टेट्रा, रासबोरा आणि काही मॉली. एलईडी लाइट दुपारी दोन ते रात्री बारा असा दहा तास चालतो, कारण टँकसमोर बसायला मला वेळ मिळतो तो रात्रीच. वनस्पतींसाठी लावलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) असून गॅस दुपारी एकला सुरू होऊन रात्री अकराला बंद व्हावा, असे वेगळ्या टायमरवर लावलेले आहे. ड्रॉप चेकर (पाण्यातील या गॅसचे प्रमाण रंगावरून दाखवणारी कुपी; हिरवा म्हणजे योग्य) रात्री जेवणानंतर पाहतो तेव्हा व्यवस्थित हिरवा दिसतो.

हिवाळ्यापर्यंत टँकविषयी काहीही तक्रार नव्हती. होळीनंतर ऊन तापू लागले आणि तेव्हापासून अनुबियासच्या पानांच्या कडांना आणि फिल्टरच्या पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी काळ्या, आखूड, दाट केसांचे झुबके धरू लागले आहेत. ते बोटांनी ओढून निघत नाहीत. जोर लावला तर पानच फाटते. समोरच्या काचेवर हिरवे कडक ठिपके पडतात, जे स्पंजने घासून जात नाहीत. शिवाय माती काचेला टेकते तेथे निळसर हिरवा बुळबुळीत पडदा पसरला असून त्याला कुबट वास येतो. अलीकडे काही दिवस सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेत असल्यासारखे दिसतात आणि दुपारपर्यंत पूर्ववत होतात, हेही सांगून ठेवतो.

पाणी बोअरचे आहे. बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) ७८० भरतो, परंतु टँकचा गेल्या आठवड्यात १३५० दिसला. नळाचे पाणी बऱ्याच दिवसांच्या अंतराने येते आणि ते पिण्या-स्वयंपाकासाठी जपून ठेवावे लागते. पाणीटंचाईमुळे महिनाभर पाणी बदल जवळपास थांबलेला आहे. जेवढे आटते तेवढे रोज बोअरच्या पाण्याने भरून काढतो. पाणी ३३ ते ३४ अंशांपर्यंत तापते, म्हणून वरून छोटा पंखा लावला आहे.

ज्या दुकानातून सामान घेतो तेथे मला खत पूर्ण बंद करण्याचा, शेवाळ मारणारे एक द्रव औषध टाकण्याचा आणि दोन सकर मासे सोडण्याचा सल्ला मिळाला. खत बंद करून काही आठवडे झाले, तरी काचेवरचे ठिपके उलट वाढलेच आहेत. औषध आणि मासे यांवर खर्च करण्यापूर्वी येथील अनुभवी मंडळींचे मत घ्यावे, असे वाटले.


पाणकणीस, परभणी

आपल्या वर्णनावरून टँकमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी वाढत आहेत आणि त्यांतली तिसरी तर शेवाळच नाही. तिन्हींवर मिळून एक औषध शोधण्याच्या नादात पैसा जातो आणि मासेही जातात, म्हणून आधी ओळख पटवून घेऊ.

काळे झुबके हे दिसायला काळे असले तरी वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने लाल शेवाळांच्या गटातले आहेत. खात्री करायची असल्यास एक झुबका वाटीभर सर्जिकल स्पिरिटमध्ये टाकून ठेवा. हिरवे रंगद्रव्य स्पिरिटमध्ये उतरते आणि झुबका लालसर दिसू लागतो. हे शेवाळ संथ वाढणाऱ्या जुन्या पानांवर आणि जोरदार प्रवाहाच्या जागी बसते, आणि टँकमधील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दिवसागणिक कमी-जास्त होत असेल किंवा मातीत-फिल्टरमध्ये सेंद्रिय गाळ साचला असेल तर त्याचे फावते. आपल्याकडे दोन्ही कारणे असण्याचा संभव आहे.

काचेवरचे कडक हिरवे ठिपके ही वेगळी जात. तीव्र प्रकाश आणि फॉस्फेटची कमतरता अशी जोडी जमली की हे ठिपके हमखास वाढतात. खत बंद केल्यावर ते का वाढले, याचे उत्तर इथेच आहे. काचेवरून ते दाढीच्या ब्लेडने खरवडून निघतात; मात्र टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड लावू नये.

मातीच्या कडेचा बुळबुळीत पडदा म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नावात शेवाळ लावले जात असले तरी ते प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत आणि तो कुबट वास हीच त्यांची ओळख. जेथे प्रवाह पोचत नाही, गाळ बसलेला असतो आणि पाण्यात नायट्रेट जवळजवळ संपलेले असते, तेथे ते पसरतात. पडदा नळीने शोषून काढावा, तेथपर्यंत प्रवाह पोचेल अशी फिल्टरच्या नळीची दिशा करावी आणि समोरच्या काचेला बाहेरून, मातीच्या उंचीइतकी काळी चिकटपट्टी लावावी, म्हणजे काचेआडच्या मातीवर प्रकाशच पडणार नाही. काही जण यासाठी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या विरघळवून टाकतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे: फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही त्याचा फटका बसू शकतो आणि घरोघरी प्रतिजैविके अशी पाण्यात ओतणे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नाही.

आता खताविषयी. शेवाळाला उपाशी ठेवण्यासाठी खत तोडणे हा सल्ला ऐकायला पटतो, पण प्लांटेड टँकमध्ये तो उलटतो. शेवाळाला लागणारे अन्न इतके थोडे असते की माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून त्याचे भागते; उपासमार होते ती हायग्रोफिलासारख्या वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींची. त्यांची वाढ खुंटली की जुनी पाने सडू लागतात, त्यांतून अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्ये पाण्यात येतात आणि शेवाळाला आयतीच मेजवानी मिळते. सशक्त वनस्पती असलेल्या टँकमध्ये नायट्रेट १० ते ३० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट १ ते ३ पीपीएम असले तरी शेवाळ माजत नाही, हा अनुभव जगभर घेतला गेला आहे.

खतासाठी परदेशी बाटलीच हवी असे नाही. आपल्याकडे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ठिबकमधून द्यायची विद्राव्य खते मिळतात. त्यांतले १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचे १ ग्रॅम १०० लिटर पाण्यात टाकले की नायट्रेट सुमारे ६ पीपीएमने वाढते. ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, त्याच्या ०.१ ग्रॅममागे १०० लिटरमध्ये फॉस्फेट सुमारे ०.७ पीपीएमने वाढते. दशांश ग्रॅम मोजणारा काटा नसेल तर १० ग्रॅम खत एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवावे आणि सिरिंजने मोजून द्यावे. त्या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम खत येते. मात्र १९:१९:१९ किंवा १२:६१:०० घरात पडलेले आहे म्हणून ते वापरण्याचा मोह टाळावा. पहिल्यात नत्राचा काही भाग अमोनिया आणि युरियाच्या रूपात असतो, दुसऱ्यात तर सगळाच अमोनियाच्या रूपात असतो, आणि आपल्या भागातील आठच्या आसपास पीएच असलेल्या पाण्यात अमोनिया माशांना अधिक विषारी ठरतो.

लोहाविषयी एवढेच, की मोसंबीच्या बागांत सर्रास वापरले जाणारे ईडीटीए स्वरूपातील लोह जास्त पीएचच्या पाण्यात फार काळ टिकत नाही. डीटीपीए स्वरूपातील मिळाले तर ते घ्यावे.

लाइट दहा तास हा फारच जास्त आहे. तो आजपासून सहा तासांवर आणा, संध्याकाळी सहा ते रात्री बारा ठेवा. आपली पाहण्याची वेळ त्यात येतेच.


नाथसागर, छत्रपती संभाजीनगर

पाणकणीस सरांचे खताचे विवेचन पटले. मला मात्र आपल्या प्रश्नातील एक आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे बोअर ७८० आणि टँक १३५०.

आपल्या टँकच्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे ४ लिटर पाणी उडून गेले. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, त्यात वरून पंखा, म्हणजे रोज एवढे आटणे अगदी शक्य आहे. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार टँकमध्येच राहतात. रोज ४ लिटरप्रमाणे महिन्यात १२० लिटर बोअरचे पाणी आपण ओतले, म्हणजे लिटरला ७८० मिलिग्रॅम या दराने जवळपास ९४ ग्रॅम क्षार टँकमध्ये घातले. १६० लिटरमध्ये त्याची भर सुमारे ५८० पीपीएमची होते. ७८० मध्ये ५८० मिळवले की आपला आकडा येतो. कूलरच्या जाळीवर हंगामाच्या शेवटी जो पांढरा थर चढतो, तेच आपल्या टँकमध्ये पाण्याच्या आत चालू आहे.

याचा शेवाळाशी संबंध असा. आपल्या बेसाल्टच्या खडकातून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, म्हणजेच केएच (कार्बोनेट जडपणा, जो डीकेएच या एककात मोजतात) जास्त असतो. पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा अंदाज काढण्याचे एक सूत्र सर्वत्र वापरले जाते: केएचला ३ ने गुणावे आणि त्याला १० च्या (७ वजा पीएच) या घाताने गुणावे. केएच १४ आणि पीएच ८ असेल तर उत्तर येते अवघे ४ पीपीएम. प्लांटेड टँकमध्ये ३० पीपीएमच्या आसपास धरतात. केएच १४ असताना तेवढे हवे असेल तर पीएच ७.१५ पर्यंत उतरला पाहिजे. केएच आठवड्या-आठवड्याला चढत असेल तर पीएचच्या आकड्यावरून गॅस जुळवणाऱ्याचा हिशेब सतत चुकत राहतो. म्हणूनच ड्रॉप चेकरमध्ये टँकचे पाणी न भरता ४ डीकेएचचे प्रमाणित द्रावणच भरलेले आहे ना, हे तपासून घ्यावे. टँकचेच पाणी भरले असेल तर हिरवा रंग दिसेपर्यंत गॅस १०० पीपीएमच्या घरात गेलेला असू शकतो आणि तेवढ्यात मासे गुदमरतात.

आपली व्हॅलिस्नेरिया मात्र मजेत असणार, कारण ती बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. तिच्या पानांवर खरखरीत पांढरी पूड जाणवत असेल तर ती त्याचीच खूण. हायग्रोफिला आणि अनुबियासना ती सोय नाही.

केएच मोजण्यासाठी दुकानातील टेस्ट किट महाग वाटत असेल तर कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत सिंचनाच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. अहवालात बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असे देतात. त्या आकड्याला २.८ ने गुणले की डीकेएच मिळतो. ५ आले तर केएच १४. त्याच वेळी नायट्रेटही तपासून मागावे, कारण शेतीच्या पट्ट्यातील बोअरमध्ये खतांचे नायट्रेट उतरलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्या बोअरमध्येच ते ४० निघाले, तर बाहेरून पोटॅशियम नायट्रेट देण्याची गरज उरत नाही आणि फक्त फॉस्फेट व पोटॅशचा विचार करावा लागेल.

उपाय सोपा आहे. आटलेले पाणी यापुढे फक्त आरओच्या पाण्याने भरावे. रोजचे चार लिटर घरच्या आरओवर निघतात. पाणी बदलताना निम्मे बोअर आणि निम्मे आरओ घ्यावे. टीडीएस एका दिवसात खाली आणू नये. आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर बदलत गेलात तर मासे सहज सोसतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र चुकूनही टँकमध्ये घालू नका, त्यात बोअरपेक्षाही अधिक क्षार असतात. ते फरशीला ठीक. टँकमधून काढलेले पाणी कुंड्यांना घालता येईल, पण टीडीएस १३५० असेपर्यंत नाजूक रोपांना नको.

पंखा काढू नका. कोरड्या हवेत त्याने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते.


बिंदुसरा, बीड

एवढे सगळे सुरळीत होईपर्यंत जे झुबके समोर दिसत आहेत त्यांचे काय, हा प्रश्न राहतोच, म्हणून थेट उपाय सांगतो.

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणावे. आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांची बाटली मिळते, तेव्हा लेबल वाचून ते तेवढ्याच आरओ पाण्यात मिसळून ३ टक्क्यांचे करावे. आपल्या टँकसाठी एका वेळी असे ४० मिलिलिटरहून अधिक वापरू नये. फिल्टर बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे, सिरिंजला बारीक नळी लावून द्रावण थेट झुबक्यांवर सावकाश सोडावे, दहा मिनिटे थांबून फिल्टर सुरू करावा. लगेच बारीक बुडबुडे दिसतात आणि पुढील काही दिवसांत झुबका गुलाबी, मग राखाडी होऊन मरतो. नळीचे तोंड बाहेर काढून धुता येते, त्यासाठी टँकमध्ये औषध कशाला?

दुकानात लिक्विड कार्बन म्हणून ग्लुटाराल्डिहाइडचे द्रावण मिळते. त्यानेही काळे शेवाळ मरते, पण व्हॅलिस्नेरिया वितळते. आपल्या टँकमध्ये तिची अख्खी भिंत आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.


गोदाकाठ, नांदेड

वरील तिन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु मांजराकाठ दादांनी जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मासे सकाळी पृष्ठभागावर येतात आणि दुपारपर्यंत सावरतात. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो हे खरे, पण तेवढेच कारण असते तर भर दुपारी, पाणी सर्वाधिक तापलेले असताना त्रास वाढायला हवा होता. सकाळीच त्रास होतो याचा अर्थ रात्री टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड साचतो आहे. गॅस रात्री अकराला बंद होत असेल तर असे होण्याचे कारण नाही. म्हणून दादा, मला आपल्या टायमरवर संशय आहे.

आपले टायमर तबकडी फिरणारे, भोवती बारीक खुंट्या असलेले असतील, तर पुढील गोष्ट आजच तपासा. त्या तबकडीला स्वतःची बॅटरी नसते. वीज गेली की ती जागच्या जागी थांबते आणि वीज आली की तेथूनच पुढे चालू लागते. दिवसात दोन तास वीज गेली तर टायमर दोन तास मागे पडतो, आणि उन्हाळ्यात असे रोज झाले तर आठवडाभरात दिवसाची रात्र होते. अनेक घरांत टँकचा लाइट इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असतो, तर सोलेनॉइड आणि फिल्टर साध्या पॉइंटवर. मग लाइटचा टायमर घड्याळाबरोबर राहतो आणि गॅसचा टायमर मागे मागे सरकत जातो. परिणामी लाइट लागल्यावर पहिले कित्येक तास वनस्पतींना गॅस मिळत नाही आणि लाइट गेल्यावर मात्र मध्यरात्री तो सुरूच राहतो. रात्री जेवणानंतर पाहिल्यावर ड्रॉप चेकर हिरवाच दिसणार. शिवाय त्याचा रंग प्रत्यक्ष स्थितीच्या तास-दोन तास मागे असतो. तो पाहायचा असेल तर लाइट लागल्यानंतर तासाभरात पाहावा.

आणखी एक. वीज चार-पाच तास गेली असेल तर बंद पडलेल्या कॅनिस्टरमधील (टँकबाहेरच्या डबाबंद फिल्टरमधील) पाणी प्राणवायूअभावी सडते. वीज आल्यावर फिल्टर लगेच सुरू होऊन ते पाणी टँकमध्ये येते. शक्य तेव्हा पहिले पाणी बादलीत काढून टाकावे, आणि फिल्टर इन्व्हर्टरवर घेता आला तर सर्वांत बरे. कॅनिस्टरची मोटर फार वीज खात नाही.


मांजराकाठ, लातूर

ताई, आपला संशय खरा निघाला. दोन्ही टायमर तबकडीचेच आहेत. लाइट हॉलमधील इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे आणि त्याची तबकडी घड्याळाशी जुळत होती. सोलेनॉइडची तबकडी मात्र साडेचार तास मागे होती, म्हणजे गॅस दुपारी एकऐवजी साडेपाचला सुरू होऊन पहाटे साडेतीनपर्यंत चालत होता. दुपारी दोनला लागणाऱ्या लाइटखाली वनस्पती साडेतीन तास गॅसशिवाय होत्या. ड्रॉप चेकरमध्ये ४ डीकेएचचेच द्रावण आहे, हे बाटलीवरून पाहून घेतले.

आता तिन्ही उपकरणे एकाच इन्व्हर्टर पॉइंटवर घेतली असून लाइट सहा ते बारा आणि गॅस पाच ते अकरा असा ठेवला आहे. पाणी आरओने भरणे सुरू केले आहे, आणि बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीला दिला आहे. व्हॅलिस्नेरियाच्या पानांवरून बोट फिरवले तर खरोखर पांढरी पूड लागते.

दोन शंका उरतात. अनुबियासची जी पाने काळ्या झुबक्यांनी पूर्ण झाकली आहेत ती पेरॉक्साइडने वाचतील काय? आणि शेवाळ खाणारा एखादा जीव सोडणे योग्य ठरेल काय? आमच्याकडे नदीत दगडांना चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या मासा मिळतो. कोणी तो टँकमध्ये ठेवला आहे काय?


पाणकणीस, परभणी

टायमरची गोष्ट उघड झाली हे फार चांगले झाले. गोदाकाठ ताईंनी दुखणे बरोबर पकडले; मी खतातच अडकून पडलो असतो.

पानांविषयी: निम्म्याहून अधिक झाकलेली पाने देठापासून कापून टाका. अनुबियासचे पान फार सावकाश येते म्हणून जीव तुटतो, परंतु ज्या पानाला प्रकाशच मिळत नाही ते वनस्पतीवर ओझे असते आणि सडून गाळात भर घालते. एका वेळी एका रोपाची तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाने कापू नयेत. उरलेल्यांवर बिंदुसरा यांनी सांगितल्याप्रमाणे पेरॉक्साइड लावा, पण गॅस, लाइट आणि पाणी स्थिर होऊन दोन आठवडे गेल्यानंतर. आधी लावले तर झुबके मरतील आणि त्याच जागी नवे येतील. काचेवरचे ठिपके आज खरवडले तरी चालतील.

सायनोबॅक्टेरियाचा पडदा शोषून काढल्यानंतरही पुन्हा पसरला, तर तीन-चार दिवस टँक चादरीने पूर्ण झाकून अंधार करावा. त्या काळात गॅस बंद आणि हवेचा पंप चालू ठेवावा, आणि चादर काढल्यावर लगेच ३०-४० लिटर पाणी बदलावे, कारण मेलेले सारे पाण्यातच असते. हा उपाय काळ्या शेवाळावर चालत नाही.

माशांविषयी: सकर मासा घेऊच नका. लहानपणी तो थोडेफार शेवाळ खातो, पुढे फूटभराहून मोठा होतो, रोपे उपटतो आणि इतकी विष्ठा करतो की फायद्यापेक्षा घाण अधिक. नंतर तो नदी-तलावात सोडून देणे हा तर गुन्हाच समजावा. देशातील कित्येक जलाशयांत हा दक्षिण अमेरिकेचा मासा असाच पोचला आहे. दुकानातील शेवाळमारक द्रव्यांपैकी काहींत तांबे असते, जे गोगलगायी आणि कोळंबीला मारते, तेही नको.

मल्या आपलाच मासा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्याची शास्त्रीय नोंद आहे. परंतु त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, तो उड्या मारतो आणि नदीतून थेट आणल्यास परजीवी घेऊन येण्याची शक्यता असते. तुमच्या ३३ अंशांच्या पाण्यात तो सुखाने राहणार नाही, आणि काळे झुबके तोही खात नाही.


गोदाकाठ, नांदेड

त्यात एवढेच जोडते. काळे शेवाळ जिवंत असताना त्याला तोंड लावणारे प्राणी थोडे, पण पेरॉक्साइडने मेलेले मऊ झुबके अमानो कोळंबी आवडीने खाते. जपानचे ताकाशी अमानो यांनी प्लांटेड टँकमध्ये रूढ केलेली ही कोळंबी टँकमध्ये वाढत नाही, कारण तिच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते. म्हणजे संख्या वाढून डोकेदुखी होण्याचीही भीती नाही. मात्र आत्ता मागवू नका. या उन्हात ती पार्सलमध्येच मरेल, आणि आपल्या पाण्याचा टीडीएसही अजून उतरायचा आहे. मृगाचा पाऊस होऊन पाणी २७ अंशांच्या खाली राहू लागले की सहा-सात पुरेत.

आणि पाऊस येणारच आहे तर स्लॅबच्या पन्हाळीखाली झाकणाचे पिंप ठेवा. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी धूळ घेऊन येते, ते वाहू द्यावे. पुढचे गाळून, सावलीत, झाकून ठेवले तर आरओच्या जागी वापरता येते. पिंप पांढरे किंवा पारदर्शक घेऊ नका, नाहीतर त्यातच हिरवे पाणी तयार होईल.